पत दुरुस्त करून मिळेल

पत हा शब्द दोनच अक्षरांचा. पण त्याच्यावाचून संसाराचे किती व्यवहार अडतात ते ज्याचे अडले त्यालाच ठाऊक. पूर्वी ही पत वाण्याच्या वहीत असे. महिनाअखेरीला तांदूळ, गूळ, रॉकेल उधार मिळाले म्हणजे आपली पत आहे, आणि वाण्याने वही मिटून "आधीचं तेवढं बघा, मग पुढचं" म्हटले म्हणजे ती गेली, इतका सरळ हिशेब. वही लिहिणारा समोर बसलेला असे. चुकून दोन रुपये जास्त मांडले गेले तर तिथल्या तिथे "अहो, हे आमचं नव्हे" असे म्हणता येई.

आता ती वही फार मोठी झाली आहे आणि लिहिणारा आपल्याला दिसत नाही. अंधेरीचा, बोरिवलीचा, मुलुंडचा किंवा घाटकोपरचा एखादा नोकरदार घराच्या कर्जासाठी बँकेत गेला की समोरचा माणूस पगाराची स्लिप उघडण्याआधी एक आकडा पाहतो. लोक त्याला सरसकट 'सिबिल' म्हणतात. आकडा चांगला असला तर पुढचे बोलणे. नसला तर फाईल परत. इकडे बोरिवलीच्या जागेचे टोकन देऊन झालेले असते, जागेचा मालक रोज फोन करीत असतो, आणि अशा वेळी गृहस्थांना लोकलच्या डब्यात चिकटवलेला तो कागद आठवतो : 'सिबिल खराब? चिंता नको. दुरुस्त करून मिळेल.' खाली मोबाइलचा नंबर. छत्री दुरुस्त करून मिळते, मिक्सर दुरुस्त करून मिळतो. तशी पत कोणी दुरुस्त करून देतो का? देत असेल तर त्याला पैसे मोजावेत, की ते काम आपण घरी बसून करावे? याच गोष्टीचा आज थोडा विचार करू.

प्रथम ही वही कोण ठेवतो ते पाहा. रिझर्व्ह बँकेने १९९९ साली एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला होता. त्याच्या शिफारशींतून ऑगस्ट २००० मध्ये, आपल्या मुंबईतच, क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो इंडिया लिमिटेड ही कंपनी निघाली. तिच्या आद्याक्षरांचे झाले सिबिल. वनस्पती तुपाला जसे सगळेच 'डालडा' म्हणू लागले तसेच हे झाले. प्रत्यक्षात अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांना रिझर्व्ह बँकेची देखरेख लागू झाली. बँकांनी आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी या चारही ठिकाणी सभासद व्हावे असा हुकूम रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये काढला. म्हणून सिबिलकडची चूक सुधारली तरी तीच चूक दुसऱ्या तीन वह्यांत शिल्लक राहू शकते. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

गुणांचा आकडा ३०० ते ९०० या दरम्यान असतो. पण आकड्यापाशी फार वेळ थांबू नका. तापमापक आपटून ताप उतरत नाही. आकड्याच्या मागे जो अहवाल असतो, म्हणजे कोणते कर्ज कधी घेतले, कोणता हप्ता किती दिवस उशिरा भरला, कोणते खाते बंद, कोणते चालू, तो वाचावयाचा असतो.

आता यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ही कंपनी आपल्याबद्दल स्वतः काहीच जाणत नाही. बँक जे कळवील ते ती लिहून ठेवते. वही ठेवणारा एक आणि नोंद सांगणारा दुसरा! कायद्याप्रमाणे, ज्या बँकेने नोंद कळवली तिने 'होय, ही चूक आहे' असे म्हटल्याखेरीज कंपनी ती नोंद बदलू शकत नाही. मग 'आमची आत ओळख आहे, आठ दिवसांत साडेसातशेच्या वर नेऊन देतो' असे सांगणारा माणूस नेमका कुठे जाऊन काय करणार? तुम्ही जो अर्ज करू शकता तोच अर्ज तो तुमच्या नावाने करणार. त्याच्यासाठी वेगळे दार नाही.

पत खराब दिसण्याची कारणे दोन जातींची असतात आणि त्यांची गल्लत झाली की पैसे फुकट जातात. एक, नोंदच चुकीची आहे. दोन, नोंद खरी आहे.

चुकीच्या नोंदी वाटतात त्यापेक्षा चमत्कारिक असतात. पाटील, सावंत, शहा, शेख ही आडनावे आपल्या उपनगरांत गल्लोगल्ली आहेत. नाव सारखे, जन्मतारीख जवळपास, आणि कोणा कारकुनाच्या हातून पॅनचे एक अक्षर चुकले, की दुसऱ्याचे मोटारसायकलचे कर्ज आपल्या खात्यावर येऊन बसते. कधी आपण कर्ज पुरते फेडलेले असते, पण बँकेने 'बंद' असे कळवलेलेच नसते. कधी एकच कर्ज दोनदा दिसते, कारण पहिल्या कंपनीने ते दुसरीला विकले आणि नोंद दोघींनीही ठेवली. आणि अलीकडे आणखी एक प्रकार आहे. आपल्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्सवर भलत्यानेच मोबाइलवरून चार-पाच हजारांचे कर्ज उचललेले असते. त्याचा पत्ता आपल्याला अहवाल पाहिल्यावरच लागतो.

क्रेडिट कार्डाची गोष्ट या दोहोंच्या मधली. समजा, घाटकोपरच्या एका बाईंनी मॉलमध्ये कोणा मुलाच्या आग्रहावरून कार्ड घेतले, दोनदा वापरले, मग कात्रीने कापून टाकले. त्यांच्या मते विषय संपला. पण कार्ड कापल्याने खाते बंद होत नाही. वार्षिक फी लागली, तिच्यावर दंड लागला, दंडावर व्याज लागले. तीन वर्षांनी त्यांच्या मुलाच्या शिक्षणाचे कर्ज त्या सह-कर्जदार म्हणून अडले. कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा लागतो. बाकी काही नसेल तर सात कामकाजी दिवसांत बँकेने ते बंद केले पाहिजे आणि न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. अर्जाची पोच मात्र जपून ठेवायला हवी.

जामीन राहिलेल्यांचे दुःख आणखी निराळे. मुलुंडच्या मामांनी भाच्याच्या रिक्षाच्या कर्जाला सही दिली. भाच्याने हप्ते थकवले. मामांच्या अहवालात ते कर्ज 'जामीनदार' म्हणून दिसते, आणि थकबाकीही दिसते. मामा म्हणतात, "मी तर एक पैसाही घेतला नाही." खरे आहे, पण नोंदही खरी आहे. इथे दुरुस्तीवाल्याला पैसे देण्यापेक्षा भाच्याला समोर बसवून थकलेले हप्ते भरायला लावणे स्वस्त पडते, मग घरात चार दिवस अबोला झाला तरी.

आणि खरी नोंद कोणी पुसू शकत नाही. हे स्पष्टच सांगितले पाहिजे. हप्ता नव्वद दिवस थकला असेल तर तो थकला. ती नोंद जुनी होत जाते, तिचे वजन हळूहळू कमी होते, एवढाच तिच्यावर उपाय. सिबिलच्या अहवालात महिन्याच्या महिन्याला किती दिवस उशीर झाला ते साधारणपणे मागच्या ३६ महिन्यांचे दाखवतात. म्हणजे आजपासून हप्ते वेळेवर गेले तर नव्या चांगल्या ओळी वर येत जातात आणि जुन्या खाली सरकतात. बँकांनी ही माहिती महिन्याऐवजी निदान दर पंधरवड्याला कळवावी असा नियम १ जानेवारी २०२५ पासून झाला. त्यामुळे चांगल्या वागणुकीची दखलही पूर्वीपेक्षा लवकर घेतली जाते. कार्डाची मर्यादा लाखाची असेल तर दर महिन्याला नव्वद हजारांपर्यंत जाऊ नये, एकाच आठवड्यात पाच बँकांकडे कर्जाचे अर्ज टाकू नयेत, या साध्या गोष्टींनीही आकडा सावरतो. हा दुसरा मुद्दा दलालांकडे जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. दलाल तुमचा एकच अर्ज चार ठिकाणी पाठवून देतो, आणि त्या चारही बँकांनी तुमचा अहवाल मागितल्याची नोंद होते. तुम्ही स्वतः आपला अहवाल कितीदाही पाहिलात तरी त्याने गुण कमी होत नाहीत, बरं का! ही भीती उगाच पसरली आहे.

तडजोडीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ माणसे इथेच फसतात. समजा, कार्डावर ऐंशी हजार थकले. बँकेचा वसुलीवाला म्हणतो, "पस्तीस हजार भरा, विषय मिटवू." दुरुस्तीवालाही हेच सुचवतो, कारण मिटवून दिले असे दाखवून त्याला आपली फी घेता येते. माणूस दागिना गहाण ठेवून पस्तीस हजार भरतो आणि सुटलो म्हणतो. पण अहवालात ते खाते 'बंद' असे लिहिले जात नाही. 'सेटल्ड' असे लिहिले जाते. पुढच्या बँकेच्या लेखी त्याचा अर्थ एकच : या माणसाने आपले पैसे पुरते दिलेले नाहीत. ज्याच्याजवळ खरोखरच नाही त्याने तडजोड करण्यात लाज नाही. नोकरी गेली, आजारपण आले, तर तोही मार्ग आहे. परंतु ज्याला दोन वर्षांत घराचे कर्ज घ्यायचे आहे त्याने मुदत वाढवून मागावी, हप्ते पाडून घ्यावेत, पण पुरी रक्कम फेडावी. आधीच 'सेटल्ड' झाले असेल तर बँकेला लेखी विचारावे की, राहिलेली रक्कम भरली तर खाते 'बंद' म्हणून कळवाल का? होकार कागदावर आला की मगच पैसे भरावेत आणि नो ड्यूजचा दाखला घ्यावा. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी सहा महिन्यांनी दुसऱ्या शाखेत गेलेला असतो.

आपल्या नावावर काय लिहिले आहे ते पाहण्याचा हक्क कर्जदाराला असावा, ही कल्पना काही आजची नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. कागद हाती घेऊन त्यांनी ते जाळले. कागदात काय लिहिले आहे हे ज्याला कळत नाही आणि ज्याच्या मानेवर मात्र तो कागद बसतो, त्याचा तो राग होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात पैसे भरल्याची पावती मागण्याचा आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कुळाला दिला गेला. आजच्या कायद्यानेही हाच हक्क आपल्याला दिलेला आहे. फक्त तो बजावण्यासाठी सुप्याला जावे लागत नाही.

तर तो कसा बजावायचा ते पाहू. चारही कंपन्यांपैकी प्रत्येकीने दर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा नियम २०१७ पासून आहे. त्यांच्या संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर देऊन तो मिळतो. तिथे मासिक वर्गणीच्या जाहिराती पुढे पुढे करतात. त्यांना बगल देऊन फुकट अहवालाची जागा शोधावी लागते. घरात कॉलेजात जाणारे मूल असेल तर त्याला दहा मिनिटे बसवा. अहवाल छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचा : नाव, पॅन, पत्ता, मग प्रत्येक खाते. जे आपले नाही, जे फेडले आहे, जिथे आकडा चुकला आहे, तिथे खूण करा.

मग पुरावा गोळा करा. कर्ज फेडल्याचा दाखला, बँकेचा खातेउतारा, कार्ड बंद केल्याचा ईमेल, हेच खरे भांडवल. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. तिचा क्रमांक वहीत टिपून ठेवा. त्याच दिवशी तसेच पत्र बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला धाडा. पत्र लांबलचक नको. 'अमुक क्रमांकाचे कर्ज मी अमुक तारखेला पूर्ण फेडले, दाखला सोबत जोडला आहे, आपल्या अहवालात ते अजून चालू दिसते, दुरुस्त करून कळवावे,' बस्स. ज्या भोळ्या समजुतीने आपण दुरुस्तीवाल्याला पाच-दहा हजार देतो, ती समजूत अशी की हे पत्र फार कठीण इंग्रजीत लिहावे लागते. तसे काही नाही.

तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेचे. न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि दिरंगाई ज्याची त्याने, म्हणजे बँकेने किंवा कंपनीने, ती द्यावयाची. हा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. तक्रार फेटाळली तर कारणही कळवले पाहिजे. तीस दिवस उलटले, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२२ पासून या चार कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार संकेतस्थळावर करता येते, किंवा चंडीगडला सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. फी नाही. आणि गंमत अशी की, ती तक्रार आपण स्वतः करावी किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीला लेखी अधिकार देऊन करवावी, अशीच योजनेची अट आहे. सामान्य माणसाने सामान्य भाषेत बोलावे म्हणूनच ती केलेली दिसते.

मग दुरुस्तीवाल्याकडे कोणीच जाऊ नये का? तसे मी म्हणणार नाही. पॅनचा गैरवापर होऊन सात-आठ बोगस कर्जे निघाली असतील, पोलिसांत तक्रार, बँकांशी पत्रव्यवहार असे चहूकडे धावायचे असेल, आणि माणूस सकाळी ७.१० ची गाडी पकडून रात्री नऊला घरी येत असेल, तर एखाद्या ओळखीच्या सीएला किंवा वकिलाला कागद लावून देण्याची वाजवी फी द्यावी. त्याने तुमचा वेळ वाचतो. हे मोल वेळेचे आहे, ओळखीचे नव्हे. त्याआधी विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासूनची संस्था. तिच्याकडे तक्रारीबाबत मार्गदर्शन मिळते. तिथे एकदा जाऊन यायला काय हरकत आहे?

पण फी देणारच असाल तर माणूस पारखून घ्या. अहवाल पाहण्याआधीच जो आकडा वाढवण्याची हमी देतो, सगळे पैसे आगाऊ मागतो, पावती देत नाही, बँकेशी परस्पर बोलू नका असे बजावतो, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतो, त्याच्यापासून दूर राहावे. ओटीपी आणि पॅन एकत्र हातात पडले की तुमच्या नावावर नवे कर्जही निघू शकते; म्हणजे दुरुस्तीला दिलेली छत्रीच पळवली! काही जण अहवालातल्या सगळ्याच नोंदींवर, खऱ्याखोट्या न पाहता, एकदम हरकत घेतात. बँक उत्तर देते की नोंद बरोबर आहे, आणि महिना फुकट जातो. अमेरिकेत हा धंदा फार बोकाळला, तेव्हा १९९६ मध्ये खास कायदा करावा लागला. काम पुरे होण्याआधी पैसे घ्यायचे नाहीत, करार लेखी हवा आणि तीन दिवसांत तो मोडण्याची मुभा ग्राहकाला हवी, असे त्यात आहे. आपल्याकडे या दुरुस्तीवाल्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना त्या चार कंपन्यांना आहे, डब्यात कागद चिकटवणाऱ्याला नाही.

पैसे देऊन बसला असाल तर हातावर हात ठेवून बसू नका. १९१५ ही ग्राहकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मोबाइलवरून पैसे काढून नेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात निघून जातात. फी परत मिळवण्यासाठी उपनगरवासीयांना वांद्रे पूर्वेला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे दाखल करण्याची फी लागत नाही. पावती, चेकचा किंवा यूपीआयचा पुरावा आणि त्याने पाठवलेले मेसेज जपून ठेवलेले असावेत.

आता त्या बोरिवलीच्या टोकनाकडे वळू. चूक दुरुस्त व्हायला कायद्याने तीस दिवस, चारही वह्यांत ती उमटायला आणखी थोडे, आणि बँकेने नव्याने अर्ज घेऊन मंजुरी द्यायला तीन-चार आठवडे, असा हिशेब धरला तर दोन-अडीच महिने सहज जातात. मालक मात्र पंचेचाळीस दिवसांच्या वर थांबायला सहसा तयार नसतो. म्हणून जागा बघायला निघायच्या चार-सहा महिने आधी, नवरा-बायको दोघांच्या नावे कर्ज काढायचे असेल तर दोघांचेही, चारही अहवाल मागवून ठेवावेत. टोकन देऊन झालेच असेल तर बँकेकडून नकाराचे कारण लेखी घ्या, तक्रारीचा क्रमांक आणि नो ड्यूजचा दाखला घेऊन मालकाला भेटा आणि मुदत वाढवून मागा; कागद दाखवल्यावर पुष्कळदा ती मिळते. आणि टोकनाच्या पावतीवर 'कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत' ही एक ओळ आधीच लिहून घेतलेली असली, तर तेवढी घाई करावी लागत नाही.